साखर खाल्ली कुणी?

“बाही वर करा.”

“मी रक्त द्यायला आले नाहीये.”

“इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. डावा हात द्या. टोचलेलं कळणारसुद्धा नाही.”

नेवेनाने हातातला बर्फाचा डबा टेबलावर दाणकन ठेवला. सकाळपासून तिचं डोकं फिरलेलं होतं. विद्यापीठातलं तिचं रंग मोजायचं यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्तीवाला सोफियाहून नुसतं ‘निघालोच, निघालोच’ करत होता. बाहेर सगळ्या प्लोवदिव शहरभर बारीक, चिकट पाऊस लागला होता आणि छत्री बसमध्येच राहिली होती. रक्त द्यायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत ताटकळून ती कशीबशी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेच्या या दारापर्यंत पोचली होती, आणि हा पांढऱ्या कोटातला माणूस हसत हसत सुई काढत होता!

“अहो, हे माझे नमुने आहेत! मी ताटल्यांत पेशी वाढवते, त्या पेशींखालचं पाणी आहे हे. त्यातली साखर मोजून हवीय. तुमच्या मॅडमशी बोलणं झालंय माझं.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही बोलू दिलंत तर सांगणार ना!”

“बरं, चुकलं...” तो नळ्या एकेक करून उजेडात धरत म्हणाला. “पण इतक्या चिडक्या माणसाची साखर एकदा बघून घ्यायला हरकत नव्हती.”

त्याचं नाव यावोर. कोटावर शिवलेलं होतं म्हणून कळलं, तिने काही विचारलं नाही. केस भिजलेल्या चिमणीसारखे विस्कटलेले, आणि डोळे असे की बोलणं संपलं तरी ते आपले हसतच राहायचे. नेवेनाला असली माणसं मुळीच आवडायची नाहीत. निदान तिचा तसा समज होता.

“आहे काय यात?” नळ्या यंत्रात लावता लावता त्याने विचारलं.

“अरोनिया.”

अरोनियाची काळी, करवंदाएवढी, तोंडात घातली की जीभ टाळूला चिकटवणारी फळं तिच्या वडिलांच्या शेतात पिकायची. त्या फळांच्या काळेपणातच ती पॉलिफेनॉल नावाची मंडळी असतात, आणि त्यांच्यामागे नेवेना तीन वर्षं हात धुऊन लागली होती. तिच्यासमोर कुणी ‘अरोनिया’ म्हणायचा अवकाश, ती सुटायची. आताही सुटली.

“मधुमेहात पेशीचं दार उघडतच नाही. साखर बिचारी बाहेर रक्तातच तिष्ठत बसते. आणि कर्करोगाच्या पेशीचं बघाल तर दार सताड उघडं! मिळेल तेवढी साखर आत ओढायची आणि फुगत जायचं. माझं म्हणणं एवढंच, की एकाच फळाच्या अर्काने तिथलं दार उघडलं आणि इथलं बंद झालं, तर?”

“झालं का मग?”

“तिथलं उघडलं. स्नायूच्या पेशींनी भरपूर साखर खाल्ली. मी स्वतः मोजलंय.”

“आणि इथलं?”

नेवेना जरा अडखळली. “इथलंही... उघडलंच. म्हणजे कर्करोगाच्या पेशींनीसुद्धा जास्त खाल्ली. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण मधुमेहाचं पक्कं आहे!”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे बाबा. दाम्यान बाबांना फोनवर हळू बोलता येत नसे, त्यामुळे ते काय म्हणताहेत हे अख्ख्या प्रयोगशाळेने ऐकलं. पेपरात कधी छापून येणार, माझ्या नावाच्या संताचा दिवस, माझा नामदिन, तोंडावर आलाय, पाहुण्यांना काय सांगू, मी तर सकाळ-संध्याकाळ ग्लासभर रस घेतोच आहे, मुलीने शोध लावला आणि बापाने घ्यायचा नाही म्हणजे काय!

“बाबा, मी कामात आहे हो!” तिने फोन ठेवला. कान लाल झाले होते.

यावोर यंत्राच्या पडद्याकडे बघत होता. आणि या वेळी त्याचे डोळे हसत नव्हते.

“हे बघा,” तो म्हणाला. “स्नायूच्या पेशी. अर्क घातलेल्या आणि न घातलेल्या. साखर सारखीच आहे.”

“शक्यच नाही.”

“दोनदा मोजली.”

“मग तुमचं यंत्र बिघडलंय!”

“याच यंत्रावर अर्ध्या प्लोवदिवच्या गोळ्या ठरतात, बाई.”

“बाई म्हणू नका मला!”

“मग काय म्हणू?”

“काहीच म्हणू नका!” तिने डबा उचलला आणि ती भिजत निघून गेली. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, डब्याचं झाकण तिथेच राहिलं. आता काय म्हणावं या नशिबाला!

झाकण घेऊन तो दुसऱ्या दिवशी विद्यापीठात हजर. सोबत कागदी पिशवीत दोन गरम, पापुद्र्यांच्या बानित्सा, आतलं चीज अगदी कडांमधून बाहेर आलेलं. दुरुस्तीवाला नुकताच येऊन गेला होता आणि यंत्र ठणठणीत चालत होतं, त्यामुळे नेवेनाच्या अंगात दहा हत्तींचं बळ होतं.

“बघा आता,” ती म्हणाली. “तेच नमुने, माझं यंत्र. कमी झाली का नाही साखर?”

“झाली खरी,” त्याने मान्य केलं. बानित्साचा एक तुकडा तोंडात टाकून तो जरा वेळ चघळत राहिला. “एक करून बघता? पेशी काढून टाका.”

“म्हणजे?”

“नुसतं साखरेचं पाणी घ्या. पेशी नाही, ताटली नाही, काही नाही. त्यात तुमचा अर्क घाला. आणि रंग आणणाऱ्या तुमच्याच किटने मोजा.”

“त्याने काय होणार? खायला कुणी नसेल तर साखर जाईल कुठे?”

“तेच तर.”

एवढ्याशा दोन शब्दांनी तिला इतका राग यावा? आला. या माणसाला आत्ताच्या आत्ता खोटं पाडायचं म्हणून तिने तरातरा साखरेचं पाणी केलं, अर्क घातला, किटमधलं औषध सोडलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. तोही शेजारी येऊन उभा राहिला. जरा जास्तच शेजारी. त्याच्या कोटाला स्पिरिटचा आणि लोण्याचा वास येत होता, आणि तिने तो मुद्दाम लक्षात घेतला नाही.

साध्या साखरपाण्याची नळी गुलाबी झाली. अर्क घातलेली नळी... फिकट. पुष्कळच फिकट.

यंत्र म्हणालं, साखर कमी झाली. अगदी तितकीच कमी, जितकी तिच्या स्नायूच्या पेशींनी ‘खाल्ली’ होती.

“इथे तर पेशीच नाहीत,” नेवेना पुटपुटली. “मग साखर खाल्ली कुणी?”

“कुणीच नाही. साखर आहे तिथेच आहे.” तो हळू आवाजात बोलत होता. हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. “तुमच्या किटमध्ये साखरेपासून आधी एक पदार्थ बनतो, आणि तो रंग चढवतो. तुमचे पॉलिफेनॉल मध्येच त्या पदार्थाचा फडशा पाडतात. रंग चढत नाही, आणि आपल्याला वाटतं साखर गेली. आमची पद्धत या रंगाच्या भानगडीतच पडत नाही.”

नेवेना मटकन स्टुलावर बसली. पेशींशिवाय एकदा मोजून बघायचं, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना घसा फोडून शिकवायची! तीच स्वतः विसरली. विसरली कसली? आकडा मनासारखा आला होता, मग कोण कशाला बघतंय.

“यावोर, जा तू इथून,” ती म्हणाली. “बानित्सा ठेव आणि जा.”

ती त्याला ‘तू’ म्हणाली, हे दोघांच्याही ध्यानात आलं.

“एक सांगू?” तो दारातून म्हणाला. “काल माझ्या यंत्रावर कर्करोगाच्या पेशींचेही नमुने लावले होते. तू भांडून निघून गेलीस, बघितलेच नाहीस. त्यांनी अर्कामुळे साखर कमी खाल्ली. थोडीशीच कमी... पण खरोखर कमी. ते दार जरा लोटलं गेलंय.”

दुसरी एखादी असती तर नाचली असती. नेवेनाच्या डोक्यात मात्र भलतंच काहीतरी फिरत होतं. बाबा. सकाळ-संध्याकाळचा रस. तिने घरी फोन लावला. आईने उचलला. राद्का आई म्हणजे अगदी शांत बाई.

“आई, बाबा रस घेतात ते ठीक आहे. पण मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेतात ना?”

“गोळ्या?” आई म्हणाली. “त्या तर फळं उतरवली तेव्हाच बंद केल्या की. म्हणाले, पोरीने सिद्ध केलंय, आता कशाला हवं ते विष. तुला नव्हतं माहीत?”

“आणि साखर मोजतात का?”

“नाही गं. म्हणतात, नेवेनाने मोजलीय, मी कशाला परत मोजू? पण तब्येत छान आहे हो. वजनसुद्धा उतरलं. फक्त तहान फार लागते हल्ली, म्हणून रसाचे दोन ग्लास वाढवलेत.”

तहान, उतरलेलं वजन! बाबांच्या अंगात साखर मावेनाशी झाली होती, आणि ते सगळं तिच्या एका फिकट नळीवर विसंबून. तिने ओरडून, रडून, हात जोडून बघितलं. बाबा फोनवर यायलाच तयार नव्हते. आईकरवी निरोप आला, ‘नामदिनाला ये आणि शोधाबद्दल सगळ्यांसमोर नीट सांग.’ नामदिन परवावर होता.

“मी येतो,” यावोर म्हणाला. तो अजून दारातच होता.

“काही गरज नाही. तुला कुणी बोलावलंय?”

“नामदिनाला बोलावणं करतात का कुठे? ज्याला आठवेल तो जातो. मला आठवलं.”

“तू माझ्या बाबांना ओळखतसुद्धा नाहीस!”

“कसं नाही? काल फोनवर अख्ख्या प्रयोगशाळेशी ओळख करून दिली त्यांनी.”

हसू येत होतं तिला. आणि रडूही. असला वैताग जन्मात कुणी दिला नव्हता.

कार्लोवोच्या पुढच्या बाबांच्या गावात एक नोव्हेंबरला, संत दाम्यानच्या दिवशी, घर नुसतं फुलून गेलं होतं. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या वाफाळत्या सार्मी, लोणच्याच्या वाट्या, घरच्या दारूच्या, राकियाच्या बाटल्या, आणि मधोमध काळ्या रसाच्या सुरया. जो तो आत शिरताना ओरडत होता, “नाव जितं-जागतं राहो, दाम्यान!” आणि बाबा प्रत्येकाच्या हातात राकियाआधी रसाचा ग्लास कोंबत होते. गालफडं बसलेली, पण ऐट काय विचारता!

नेवेनाने त्यांना आधी स्वयंपाकघरात गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

“दमलीयेस तू. जेव.”

“बाबा, ते खोटं होतं!”

“माझी मुलगी खोटं बोलत नाही.”

“मी खोटं बोलले नाही हो, मी चुकले!”

“माझी मुलगी चुकतही नाही,” म्हणून ते बाहेर गेले. ग्लासावर चमचा वाजवून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. “आता आमची नेवेना बोलणार!”

दारात एक भिजलेला माणूस उभा होता, हातात राद्का आईसाठी शेवंतीची फुलं आणि काखेत एक छोटी पेटी. आला होता, न बोलावता. नेवेनाने एकदा त्याच्याकडे बघितलं. तो हसला नाही, नुसती मान हलवली. आणि मग तिला कंठ फुटला.

“मी उन्हाळ्यात बाबांना सांगितलं होतं की अरोनियाने साखर उतरते. ते चूक होतं. साखर उतरली नव्हती, माझी मोजणी चुकली होती. ज्यांनी माझ्या भरवशावर गोळ्या सोडल्या, त्यांनी... कृपा करून परत सुरू करा.”

चमचे थांबले. शेजारचे मिन्चो काका घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे... मी पण सुरू करू?”

“तुम्ही पण सोडल्यात?”

“दाम्यान म्हणाला ना! आणि पलीकडच्या दोघी बहिणींनी पण.”

देवा रे देवा! नेवेनाला धरणी दुभंगावी असं झालं. यावोरने मात्र सार्मीची पातेली शांतपणे बाजूला सरकवली, पेटीतून साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि ठाण मांडून बसला. “काका, बोट पुढे करा.” मग नामदिनाच्या त्या टेबलापाशी अशी रांग लागली की विचारू नका. कुणी राकिया पिऊन धीर गोळा करत होतं, कुणी ‘आधी तू, आधी तू’ करत होतं. राद्का आई कापूस पुरवत होती.

बाबा काही पुढे येईनात. शेवटी आईनेच त्यांचा हात धरून टेबलावर ठेवला. तिथल्या मापाने सातच्या आत असायला हवा होता, तो आकडा अठराच्या वर होता. यावोर गंभीर झाला. “काका, उद्या सकाळी डॉक्टर. टाळायचं नाही.”

बाबा उठले आणि कुणाशी न बोलता मागच्या ओसरीवर जाऊन बसले. नेवेना मागोमाग गेली. पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं.

“गावासमोर नाक कापलं का मी तुमचं?” तिने विचारलं.

“नाक गेलं खड्ड्यात,” ते म्हणाले. “तो रस होता ना गं... चवीला काय, कडू जहर. पण रोज सकाळी ग्लास तोंडाला लावला की वाटायचं, माझी पोर लांब असली तरी माझं बघतेय. गोळीचं काय, गोळी कुणीही देतं.”

नेवेना त्यांच्या शेजारी बसली. वर्षातून दोनदा घरी येणारी ती. फोनसुद्धा बाबांनीच करायचा, आणि तिने ‘कामात आहे’ म्हणून ठेवायचा.

“बाबा, मी रोज सकाळी फोन करेन. तुम्ही बोट टोचायचं, आकडा मला सांगायचा आणि मी ऐकत असताना गोळी घ्यायची.”

“रोज? तू?”

“रोज. मी!”

“बघू,” ते म्हणाले. पण डोळे भरले होते, आणि तिने खिशातून काढलेली त्यांचीच जुनी गोळी त्यांनी मुकाट्याने घेतली. मग नाक पुसत विचारलं, “तो कोण गं भिजका? सगळ्या गावाची बोटं फोडणारा?”

“तो? तो माझ्या डोक्याला ताप आहे,” नेवेना म्हणाली.

त्या दिवसापासून ती रोज फोन करू लागली. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, आकडा हळूहळू उतरत गेला. तिने आपल्या प्रोफेसरबाईंना सगळं सांगितलं, लिखाणातला मधुमेहाचा भाग स्वतःच्या हाताने काढून टाकला आणि कर्करोगाच्या पेशींचा एवढासा खरा भाग घेऊन पुन्हा कामाला लागली. नमुने मोजायला रुग्णालयात जावंच लागे. विद्यापीठाला स्वतःचं तसं यंत्र घेता येणार होतं, पण तो अर्ज भरायला तिला काही केल्या वेळ मिळत नव्हता. यावोर तिच्या नळ्या लावायचा, चिडवायचा, कॉफी करायचा... आणि एवढं सगळं होऊनसुद्धा जे बोलायला हवं होतं ते काही बोलायचा नाही. डोळ्यांनी पन्नासदा बोलायचा, पण तोंडाने एकदा बोलेल तर शपथ! तिनेच का बोलावं? नाही बोलणार जा.

एका थंडगार सकाळी दोघं रुग्णालयासमोरच्या टपरीवर उभ्याने बानित्सा खात होते. धुक्यात समोरचा रस्तासुद्धा दिसत नव्हता. तिने रोजच्यासारखा फोन लावला.

“बाबा, आकडा?”

“साडेसहा!” बाबांचा आवाज टपरीभर घुमला. “गोळी घेतली. ऐकलंस ना पाण्याचा घोट? हं. आता तू सांग.”

“मी काय सांगू?”

“वा! मी रोज बोट फोडून खरं खरं सांगायचं, आणि तू काहीच नाही? तुझं काय चाललंय तेही खरं सांग की.”

नेवेनाने शेजारी बघितलं. यावोरच्या हनुवटीला चिजाचा कण लागला होता आणि तो कॉफीच्या पेल्यात असा बघत होता जणू त्यात काही बुडालंय. एवढा हुशार माणूस, आणि इतका बावळट! तिचा संयम सुटला.

“खरं सांगू? मला एक माणूस आवडतो, बाबा. भयंकर आवडतो. त्याने माझं तीन वर्षांचं काम एका सकाळीत धुऊन टाकलं, न बोलावता आपल्या घरी आला, रोज माझं डोकं खातो, आणि एक दिवस दिसला नाही तर मला जेवण जात नाही. काय करू मी त्याचं?”

कॉफीचा पेला यावोरच्या हातात तसाच राहिला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला तो.

“अगं, मग मला काय सांगतेस?” बाबा ओरडले. “त्याला सांग ना!”

“ऐकतोय तो,” नेवेना म्हणाली.